रेघेच्या आतलं 'व्हय'

नागपूरला परतल्यावर मी साहेबांना अहवाल दिला. तो टाइप करून एका पानात मावला, कारण अहवालात कोंबडी घालता येत नाही. उरलेलं सगळं इथे सांगते आहे. सांगताना माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या. कोल्हापुरातले ते दिवस मी तोंडाचा आ वासूनच काढले.

आमचा कारखाना पाण्याचे पंप बनवतो. मी तिथे कामगार कल्याण अधिकारी. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, कामगारांना पुन्हा कंठ फुटला होता, आणि आमच्याकडे ओतकाम खातं आणि मशीन खातं यांच्यात इतकं सख्य, की दोघांचे पाण्याचे माठसुद्धा वेगळे. ओतलेलं कास्टिंग तडकलं की हे म्हणणार त्यांची चूक, ते म्हणणार ह्यांची. अशात आमचे विक्रीवाले कोल्हापूरहून बातमी घेऊन आले. तिथल्या एका फौंड्रीत दर शनिवारी मालक आणि कामगार मिळून तमाशा करतात, आणि तेव्हापासून त्यांचा माल परत येणं जवळजवळ थांबलंय. साहेब आधी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "बघून या. आपल्याकडे जमेल का ते सांगा."

"तमाशा? मी?" मी म्हटलं. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी तो शब्दसुद्धा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. यजमानांना मात्र भारी गंमत वाटली. "जा ना, शालू आहे तिथे," म्हणाले. झालं, निघाले.

शुक्रवार, मंगळवार पेठ आणि उद्यमनगर

शालूवन्सं म्हणजे माझ्या चुलत नणंदबाई. मंगळवार पेठेत राहतात, मुलींच्या शाळेत शिकवतात आणि लग्नानंतर पक्क्या कोल्हापूरकर झाल्या आहेत. दारात मला पाहून त्यांनी प्रवासाची चौकशीसुद्धा केली नाही. "किती वाळलाय वहिनी! बॅग ठेवा आणि चला मिसळ खायला," म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या आणि त्यांनीही मला न्याहाळून "व्हय की, लईच वाळल्यात," असा निकाल दिला. आयुष्यात प्रथमच पाहत होत्या मला त्या!

तिखटाच्या बाबतीत आम्ही नागपूरकर कुणाला ऐकत नाही. तर्री-पोह्यांवर वाढलेली माणसं आम्ही. त्यामुळे मिसळीसमोर मी ऐटीत बसले, आणि तिखटाचं मला खरोखरच काही वाटलं नाही. धक्का बसला तो वाढण्याचा. ताटलीतला रस्सा जरा खाली गेला की वाढपी येऊन न विचारता ओतून जाई. मी 'नको' म्हटलं, त्याने ओतला. मी ताटलीवर हात आडवा धरला. "हात काढा की बाई, भाजंल," असं म्हणून त्याने ओतलाच. आग्रह आमच्याकडेही असतो, पण पाहुण्याच्या 'नको'ला काही किंमत असते. इथे तो शब्द कुणाला ऐकूच जात नाही.

दुपारी रिक्षाने उद्यमनगरला गेले. फौंड्रीच्या फाटकातून आत शिरताच उजव्या हाताला नव्या कोऱ्या विटांचा मोठा ढीग दिसला. काहीतरी बांधकाम असेल, असं मनात म्हणून पुढे गेले. आत सगळीकडे काळी वाळू. त्या वाळूत लाकडी नमुना दाबून साचा करायचा आणि भट्टीतला लोखंडाचा रस त्यात ओतायचा, हे इथलं काम. मी रुमाल नाकाला लावला आणि "अरे बाप्पा, इतकी वाळू!" म्हणत साडीच्या निऱ्या उचलून धरत चालू लागले. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी झाडून घेतात. इथे पाहुण्यांनीच झाडून घ्यावं, असा एकूण मामला होता.

हा कारखाना दोघा भावांचा. थोरले दत्ताजीराव भट्टी बघतात, धाकटे बळवंतराव साचे. ऑफिसच्या एकाच खोलीत दोघांची टेबलं, पण पाठीला पाठ लावून मांडलेली. दत्ताजीरावांनी "बसा की, चहा घेतासा?" वगैरे आगतस्वागत केलं. बोलता बोलता मला भिंतीबाहेर टांगलेली एक पितळी घंटा दिसली. ही कशासाठी, असं मी विचारलं. दत्ताजीरावांनी दारातल्या म्हाताऱ्या वॉचमनला हाक मारली. "केरबामामा, घंटेचं त्या बाजूच्या माणसाला विचारा म्हणावं बाईंना."

त्या बाजूचा माणूस म्हणजे हातभर अंतरावर पाठ करून बसलेला सख्खा भाऊ! बळवंतरावांनीही मान वळवली नाही. "केरबामामा, बाईंना हिकडं घेऊन या," एवढंच म्हणाले. मी उठले, टेबलाला वळसा घातला आणि पलीकडच्या खुर्चीवर बसले. अरे बाप्पा, म्हटलं मनात, सहकार्य शिकायला मला इथे पाठवलंय!

बळवंतरावांनी घंटेचं काही सांगितलं, पण माझं लक्ष उडालं होतं. मग उगाच विषय बदलायचा म्हणून मी हुपरीची चौकशी केली. भाचीसाठी चांदीचे पैंजण घ्यायचे होते आणि त्या गावाचं नाव ऐकून होते. ते एकदम खुलले. "आमची अक्का हुपरीतच दिल्याली हाय. दाजींच्या घरातच पैंजणाचा कारखाना हाय. रविवारी मी जातोच. तुम्ही पण चला." पाठीमागच्या टेबलावर कागदांची सळसळ एकदम थांबली, हे माझ्या लक्षात आलं.

खरी हकीकत कळली ती फाटकाशी, केरबामामांच्या स्टुलाशेजारी. हे मामा एके काळी तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. गुडघा गेला, फड सुटला आणि ते इथे वॉचमन म्हणून आले. गळ्यात मफलर, तोंडात पान, आणि बोलताना डोळ्यांतली बुबुळं अशी फिरवतात की हसू दाबता येत नाही.

"ह्यांचं वडील, थोरलं मालक, गेलं तवा तेराव्यालाच जुंपली दोघांची," ते म्हणाले. "बापाच्या आजारपणात कोण झटला आन् कोण न्हाय, ह्यावरनं. शब्दाला शब्द लागला. तिसरं वरीस चाललंय. आई म्हणली, मला दोन पोरं हायती का दोन गिऱ्हाइकं? उठली आन् लेकीकडं हुपरीला गेली. जाताना म्हणली, दोघं एकदम न्यायला याल तवाच ह्या घराची पायरी चढंन. एक गुरुवारी जातो, एक रविवारी. म्हातारी दोघांस्नी जेवाय घालती आन् मोकळं परत धाडती."

"आणि ह्या विटा?"

"सोमवारी गवंडी येणार. फौंड्रीच्या मधनं भिंत. भट्टी तिकडं, साचं हिकडं." मामांनी पानाची पिंक टाकली. "भट्टीबिगार साचा आन् साच्याबिगार भट्टी. चुलीबिगार तवा घेऊन बसायचं आन् काय."

मला राहवलं नाही. "अहो, मग तुमच्या त्या शनिवारच्या खेळाचा उपयोग काय?"

मामा सावरून बसले. तमाशात गण-गौळण झाली की वग सुरू होण्याआधी दोन सोंगाडे समोरासमोर उभे राहून नुसते बोलतात, तिला बतावणी म्हणतात. लिहिलेलं काही नसतं. "एक जण म्हणला, ही म्हस हाय," मामा सांगू लागले. "दुसरा म्हणला, म्हस कुठली, खांब हाय. मेला खेळ तिथंच. लोक चपला शोधाय लागत्यात. पण दुसरा म्हणला, व्हय, आन् आज तिनं लाथ मारलीया, की पुढं गाडी चालली. समोरच्यानं टाकल्यालं भुईला पडू द्यायचं न्हाय, बाई. 'व्हय' म्हणून झेलायचं, 'आन्' म्हणून पुढं टाकायचं. हितं फौंड्रीत मी आलो तवा सगळी नुसती 'खांब, खांब' म्हणत बसल्याली."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर कामगारांनी मामांना काहीतरी करून दाखवा म्हणून गळ घातली. मामांनी वाळूवर काठीने रेघ ओढली आणि दोघा भावांनाच आत बोलावलं. चारचौघांत नाही म्हणता येईना. थोरल्याला मोल्डर केलं, म्हणजे साचे बनवणारा कामगार, आणि धाकट्याला भट्टीवाला. त्या बतावणीत थोरला बोलून गेला, "व्हय, आन् रस तयार झाल्याला आम्हास्नी कळतो कवा, तर मालक शिव्या घालतो तवा." सगळे हसले. थोरला मात्र हसता हसता थांबला. तोवर साचे वाट बघत सुकायचे आणि माल फुटायचा. दुसऱ्या दिवशी घंटा टांगली गेली. रस तयार झाला की घंटा. आणि तेव्हापासून दर शनिवारी रेघ.

"पण एक हाय," मामांनी बोट वर केलं. "रेघेच्या आत बोलल्यालं रेघेच्या बाहेर धरायचं न्हाय. आत मालकाची टोपी उडवा, बाहेर आलं की मालक मालक. ती रेघ हाय म्हणूनच ही दोघं बोलत्यात. शनवारचा तेवढाच वेळ."

ऐकून मी थक्क झाले. सख्खे भाऊ आठवड्यातून एकदा, तेही सोंग घेऊन बोलतात! आमच्याकडे न बोलणारे भाऊ सोंगातसुद्धा बोलत नाहीत, हे खरं, पण निदान त्यात काही विचित्र तरी वाटत नाही.

शनिवार, रेघ

सकाळी शालूवन्सं मला दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेल्या. भर रस्त्यात म्हशी ओळीने उभ्या, शिंगांना रंग, पाठी तेल लावून चकचकीत, आणि माणसं पेला घेऊन त्यांच्याशेजारी उभी. गवळी पेल्यातच धार काढतो आणि तिथेच हातात देतो. "उकळलेलं नाही?" मी किंचाळलेच. गवळ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्हशीच्या पोटात गरमच असतंय की पावणं. प्या." प्यायले. ओठावर फेसाची मिशी आली, ती पदराने पुसली, आणि हे घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. चव अजून आठवते.

दुपारची जेवणं आटोपली, हत्यारं जागच्या जागी गेली, आणि केरबामामांनी काळ्या वाळूवर काठीने मोठी गोल रेघ ओढली. कामगार भोवती बसले. मला एकुलती एक खुर्ची मिळाली.

पहिला आत आला तो सर्जेराव नावाचा एक दांडगा मोल्डर. त्याच्या डोक्यावर मालकांची टोपी. समोर खुद्द दत्ताजीराव, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हात जोडून.

"काय रं दत्त्या, काल कुठं मेलतास?" सर्जेराव गरजला.

मी खुर्चीतून अर्धी उठले. आमच्याकडे ह्या एका वाक्याला निलंबन आहे! दत्ताजीराव मात्र खाली मान घालून म्हणाले, "व्हय मालक, मेलतो, आन् माझ्याच मयताला थांबाय लागलं, म्हणून उशीर झाला."

"बरं, माणसं किती हुती मयताला?"

"लई हुती, आन् सगळी एकच इचारत हुती. मालकानं नवं हातमोजं दिलं का?"

हशा असा उसळला की पत्रा हलला. मालकाच्याच तोंडून कामगारांची मागणी! सर्जेरावाला आता मालक म्हणून 'व्हय'च म्हणणं भाग. "व्हय, देतो, आन् पायमोजं पण देतो!" बळवंतराव गुडघ्यात तोंड खुपसून हसत होते. मला हसावं की रागवावं तेच कळेना. आतलं बाहेर धरायचं नाही हे ठीक, पण कानांनी ऐकलेलं कान कसे विसरतील?

एवढ्यात मामांनी काठी माझ्याकडे रोखली. "नागपूरच्या बाई, या आत."

"छे, छे!" म्हणेपर्यंत मी रेघेत उभी होते, कुणी ढकललं ते अजून माहीत नाही. मी मोल्डर व्हायचं आणि सर्जेराव होणार होता मी. त्याने रुमाल नाकाला लावला, लेंग्याच्या काल्पनिक निऱ्या दोन बोटांत उचलल्या आणि वाळूवरून टिटवीसारखा चालत आला. "अरे बाप्पा! इतकी वाळू काहून सांडली इथे?" शब्द माझे, हेल माझा. एका दिवसात उचललेला! माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. भोवतालचे लोक डोळे पुसत होते. "काय हो, काय पेरलंय ह्या वाळूत?" त्याने विचारलं.

"नाही हो, काही पेरलेलं नाही, हा तर साचा..."

"च्या! च्या!" सगळे ओरडले. 'नाही' म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा द्यायचा, असा इथला दंड. मग काय, किटली घेऊन मी रेघेभोवती फिरले. इतकी वर्षं कामगार कल्याणाचं काम करते आहे, पण कामगाराच्या हातात चहाचा कप द्यायची ती पहिलीच वेळ. सर्जेरावाने कप घेताना हळूच विचारलं, "रागावलासा व्हय, बाई?" मी "व्हय" म्हटलं. "आन्?" तो म्हणाला. मी नुसती हसले.

शेवटी दोघे भाऊ आत आले. आवाज आपोआप खाली बसले. बळवंतरावांनी डोक्यावरून शाल ओढून घेतली, कमरेत वाकले आणि म्हातारी झाले. दत्ताजीरावांना मामांनी गाडीवान केलं. एस.टी. चुकलेली म्हातारी आणि बैलगाडीवाला, एवढंच सांगून मामा बाजूला झाले.

"गाडीवान, मला घरला न्हेतोस का रं?" म्हातारीने विचारलं.

"व्हय आज्जे, आन् खाली मऊ गवात टाकतो."

"बैलं दोन हायती न्हवं?"

"व्हय." थोडं थांबून, "आन् एक रुसलाय."

"मग एका बैलावर जाईल का गाडी?"

दत्ताजीरावांनी हातातला नसलेला कासरा ताणून धरला. 'न्हाय' म्हणता येत नव्हतं, आणि 'व्हय' खोटं होतं. भोवती कुणी चहाचा घोटसुद्धा घेत नव्हतं. "व्हय, जाईल," ते म्हणाले, "आन् वाटंत पडंल."

"मग दोन्ही जुपून ये की बाळा." बळवंतरावांचा आवाज आता म्हातारीचा राहिला नव्हता. "लई दिस वाट बघालोय मी. उद्या येतोस?"

"व्हय," दत्ताजीराव म्हणाले. पुढे 'आन्' आलंच नाही.

शेजारच्या कामगाराने बाहीने नाक पुसलं. मामांनी काठीने रेघ पुसली, म्हणजे खेळ संपला. दत्ताजीराव बाहेर आले, टॉवेल झटकला, टोपी डोक्यावर घातली आणि सर्जेरावाला म्हणाले, "त्याला सांग, सोमवारी सकाळी गवंडी येणार हाय. मधलं सामान हलवून ठेव म्हणावं."

'तो' चार हातांवर शाल घडी करत उभा होता.

ह्या सबंध प्रवासात मला अनेक धक्के बसले, पण असा दुसरा नाही. माझा संताप अनावर झाला. "अहो दत्ताजीराव!" मी ओरडले. "आत्ता ह्या सगळ्यांसमोर तुम्ही उद्या येतो म्हणालात ना? आईला आणायला? की तेही सोंगच?"

कुणी माझ्याकडे बघेना. शिवी घालणं, टोपी उडवणं, मालकाला 'दत्त्या' म्हणणं, सगळं ज्या जागी चालतं, तिथे न चालणारी एकच गोष्ट मी केली होती. दत्ताजीरावांचा चेहरा लोखंडासारखा झाला. "पावणं हायसा म्हणून ऐकून घेतो," एवढं बोलून ते टेम्पोत बसले आणि निघून गेले.

"बाई, रेघ पुसल्याली हो," मामा हताशपणे म्हणाले. "आता पुढच्या शनवारी हितं कोण तोंड उघडंल?"

परतताना रिक्षात मला रडू आलं. भिंत तर होणारच होती, पण आठवड्यातून एकदा का होईना दोघे बोलत होते, तेही मी बंद पाडलं होतं. शालूवन्सं रात्री पांढऱ्या रश्श्याचं सामान काढून बसल्या होत्या, माझ्यासाठी बिनमटणाचा वेगळा. मी जेवले नाही. त्यांनी तेही 'नको' ऐकलं नाही आणि ताट वाढून समोर ठेवलं.

रविवार, हुपरी

बळवंतराव ठरल्याप्रमाणे स्टँडवर आले. काल काही घडलंच नाही अशा सहजपणे त्यांनी शालूवन्संची आणि माझी तिकिटं काढली. मी क्षमा मागितली, तर म्हणाले, "त्यात काय? माझ्या मनातलंच बोललासा." पण गाडी सुटल्यावर ते खिडकीबाहेरच बघत राहिले. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच एखादं गुऱ्हाळ आणि रसाच्या काहिलीचा गोड वास सबंध बसमध्ये. आमच्याकडे संत्र्यांच्या बागा असतात, पण त्यांच्या वासाला एवढी घुसखोरी जमत नाही.

हुपरीत ज्या घरात जावं तिथे टकटक. ओसरीवर, माडीवर, चुलीशेजारीसुद्धा चांदीचं काम. बळवंतरावांच्या दाजींच्या घरी एक बाई पायाची अढी घालून पैंजणाला घुंगरू जोडत होती आणि दुसऱ्या हाताने पाळणा हलवत होती. मी पैंजण निवडायला बसले. आई परसात होत्या. उंच, कृश, हिरवं लुगडं, आणि पायांभोवती कोंबड्याच कोंबड्या. बळवंतरावांना पाहून म्हणाल्या, "आलास? एकलाच न्हवं? बस, भाकरी खा." त्या 'एकलाच'मध्ये सगळं आलं.

आम्ही जेवायला बसणार, इतक्यात दारात टेम्पो थांबला. अक्का खिडकीतून डोकावल्या आणि त्यांच्या हातातली परात खाली पडली. "आगं बया, दादा! रविवारी?"

दत्ताजीराव अंगणात आले. धाकटे ओसरीवरून उतरले. दोघे समोरासमोर उभे राहिले. मी पाहत होते. आता बोलतील, मग बोलतील. पण कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. तिसऱ्या वर्षात गेलेला अबोला, सवयच मोडली होती.

आणि मग ह्या पन्नाशीच्या गृहस्थाने काय करावं? चपलेच्या टोकाने अंगणातल्या मातीवर गोल रेघ ओढली, तिच्यात जाऊन उभा राहिला आणि घराकडे तोंड करून म्हणाला, "आज्जे, गाडीवान आलाय."

बळवंतराव बघतच राहिले. मग त्यांनीही रेघेत पाय टाकला. "व्हय आज्जे, आन् दुसरा बैल पण आलाय."

शालूवन्सं माझा दंड घट्ट धरून होत्या. माझे डोळे भरून आले. जमलं, म्हटलं! आई परसातून पुढे आल्या. त्यांना बतावणी ठाऊक नव्हती, रेघ ठाऊक नव्हती, 'न्हाय' म्हणायचं नसतं हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

"न्हाय," आई म्हणाल्या.



"कोण आज्जी? कुठला बैल?" त्यांचा आवाज चढला. "मी काय बैलं जन्माला घातली व्हय? आईसंगं बोलाय सोंग लागतंय तुम्हास्नी?" आणि त्या तरातरा चालत आल्या, आणि अनवाणी पायाने ती रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकली. माती उडाली. दोघे मुलगे मध्ये उभे, भोवती काही नाही. "आता बोला, काय बोलायचंय ते. न्हायतर जावा दोघं आपापल्या वारी."

शेजारची टकटकसुद्धा थांबली होती. दत्ताजीरावांनी पुसलेल्या रेघेकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. मग भावाकडे न बघता, पण भावालाच, मधे कुणालाही न घालता ते म्हणाले, "बळ्या, आईचं गठुडं उचल."

बळवंतरावांनी दोनदा मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले, "आन् कोंबड्या?"

"कोंबड्या घेतल्याबिगार मी हलत न्हाय," आईंनी जाहीर केलं आणि पदर खोचून त्या कोंबड्या धरायच्या मागे लागल्या. सगळं घर त्या पळापळीत सामील झालं. अक्का रडत होत्या आणि कोंबडी धरत होत्या. दाजी ओट्याखाली शिरले. आणि काय होतंय हे कळायच्या आत आईंनी एक जाडजूड तांबडी कोंबडी माझ्या कडेवर दिली. "धरा घट्ट, ही पळती." मी, महालातली, अंडंसुद्धा न खाणारी, त्या कोंबडीला छातीशी धरून हुपरीच्या अंगणात उभी राहिले. तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात धडधडत होतं.

टेम्पोत गठुडं चढलं, आई चढल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या चढल्या. दत्ताजीराव चाक हातात घेऊन बसले. बळवंतराव मागची फळी लावता लावता थांबले. "दादा," ते म्हणाले, "येवढ्या कोंबड्या ठेवायच्या कुठं?"

दत्ताजीरावांनी गाडी चालू केली.

"विटा हायत की," ते म्हणाले.